लेक तुमच्याच धंद्यात उतरतेय

ऐरोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी ठाण्यात टी.वाय.बी.एस्सी.ला, फिजिक्स घेऊन. मोठ्या लेझर यंत्रणांचे आरसे मोजायचं, तपासायचं काम शिकायचं म्हणते. वडील रबाळे एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहेत. विचारतात, "आरसे तपासायला एम.एस्सी. कशाला? त्यापेक्षा डेटा सायन्सचा कोर्स लावून देऊ का?"

नमस्कार.

पत्र वाचून हसू आलं, रागावू नका. तुम्ही रोज मायक्रोमीटर, स्लिप गेज हाताळता. गेजवर ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे अगदी सपाट घासलेली काच, ठेवून सोडियमच्या दिव्याखाली दिसणारे काळे-पिवळे पट्टेही पाहिले असतील. पट्टे सरळ तर पृष्ठभाग सपाट, वाकले तर कुठेतरी पाणी मुरतंय. लेकीला हेच करायचंय. तुमचं माप मायक्रॉनचं, तिचं त्याच्या शंभराव्या हिश्श्याचं, एवढाच फरक.

अमेरिकेत लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत 192 लेझर झोत आहेत, एकेक झोत साधारण 40 सेंटिमीटर लांब-रुंद. 5 डिसेंबर 2022ला तिथे 2.05 मेगाज्यूल ऊर्जा लक्ष्यावर टाकली आणि अणूंच्या संमीलनातून 3.15 मेगाज्यूल बाहेर आली. असा झोत वळवणाऱ्या आरशाच्या कोटिंगमध्ये धुळीचा कण अडकला, तर तिथेच खड्डा पडू शकतो. म्हणून नुसता सपाटपणा बघून भागत नाही. कोटिंग किती ऊर्जा सोसतं, तेही नमुन्यावर लेझर मारून पाहतात.

मोजणं मात्र कटकटीचं. एवढी जाड काच, पण टेकू चुकला की स्वतःच्याच वजनाने वाकते. एक बाजू दुसरीपेक्षा जराशी कोमट असली तरी आकार बदलतो, म्हणून आरसा खोलीत आणून तासन्‌तास नुसता ठेवतात. शिवाय ज्या फ्लॅटशी तुलना करायची, तोच सपाट कशावरून? यावर जुनी युक्ती आहे: तीन फ्लॅट घ्यायचे, जोड्या लावून एकमेकांशी ताडायचे आणि गणिताने प्रत्येकाची चूक वेगळी काढायची. वागळे इस्टेटमधल्या जुन्या टूलरूमवाल्यांना हे सांगा, लगेच पटेल. सपाटपणा ताडायच्या सरफेस प्लेट तीन-तीनच्या संचात घासतात, ते याचसाठी.

आता नोकरीचं. जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात लेझरवर काम चालतं. वाशीची खाडी ओलांडली की ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. त्यांच्या वैज्ञानिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला नुसती बी.एस्सी. चालत नाही, एम.एस्सी. लागते. हिंगोलीत गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होतेय, तिथले मुख्य आरसे 40-40 किलोचे. एम.एस्सी.नंतर आयआयटी दिल्लीत अप्लाइड ऑप्टिक्सचं एम.टेक. आहे. तेव्हा आधी एम.एस्सी. प्रवेशाच्या जाम (JAM) परीक्षेची तयारी. पायथन शिकू द्याच. असे पट्टे पाडून मोजणाऱ्या यंत्रातून, इंटरफेरोमीटरमधून, शेवटी आकडेच बाहेर पडतात.

एक करा. साहेबांची परवानगी काढून तिला एकदा तुमच्या गेज रूममध्ये न्या, पट्टे मोजायला बसवा. अर्ध्या तासात कंटाळली, तर डेटा सायन्सचं बोलू.