फुलपाखराचे पंख आणि बारावीनंतरचा कोर्स

प्रिय विद्यार्थिनी,

अकरावी विज्ञानला असताना तू आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नीलवंत फुलपाखरू उडवलंस. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं हेच ते, निवड छान आहे. पण ‘ते पुठ्ठ्याचं वाटतं’ म्हणतेस. म्हणून बारावीनंतर सॉफ्टवेअर शिकवणारा वर्षभराचा महागडा कोर्स करायचाय. आणि बाबा विचारतात, किडे नाचवून पोट भरतं का?

तुझी क्लिप मी एकेक फ्रेम थांबवून पाहिली. सॉफ्टवेअर तुला येतंय. पंखाचा अँकर पॉइंट, म्हणजे ज्याभोवती तो फिरतो तो बिंदू, तू बरोबर धडाच्या सांध्यावर नेलास, लेअर थ्रीडी करून वाय रोटेशनला (उभ्या अक्षाभोवती फिरण्याला) की-फ्रेम, म्हणजे हालचालीच्या ठरावीक खुणा, दिल्यास. घोटाळा पुढे आहे. लूपला, म्हणजे हालचाल पुन्हापुन्हा चालवण्याला, ‘पिंगपाँग’ (पुढे जाऊन तसंच उलट मागे) दिल्यामुळे पंख ज्या गतीनं खाली येतात, त्याच गतीनं वर जातात. शिवाय धड जागचं हलत नाही. खरं फुलपाखरू पंख खाली मारतं तेव्हा त्याचं अंग वर उचललं जातं, पंख वर घेताना ते किंचित खाली बसतं. त्याची ती हेलकावे खाणारी चाल त्यातूनच येते. धड आणि पंख एका नलला, म्हणजे न दिसणाऱ्या रिकाम्या लेअरला, पेरेंट कर (जोड), तो नल पंखांच्या उलट वर-खाली हलव. ‘पिंगपाँग’ऐवजी ‘सायकल’ (दर वेळी पुन्हा सुरुवातीपासून) घेऊन जाण्या-येण्याला वेगवेगळ्या फ्रेम दे. मधमाशीचं गणित मात्र निराळं. तिचे पंख सेकंदाला २०० हून जास्त वेळा हलतात आणि तुझ्याकडे फ्रेम २५. तिथे पंखांच्या जागी नुसता धूसरपणाच दाखवावा लागतो.

यातलं काहीच मेनूत सापडत नाही, ते बघून-बघून कळतं. म्हणून निव्वळ सॉफ्टवेअरच्या कोर्सवर पैसे घालू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. आयआयटी मुंबईच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा दे, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षाही दे. यूसीडला कुठलीही शाखा चालते आणि चित्र काढावंच लागतं, तेव्हा रोज हातानं स्केच कर. जागा थोड्या आहेत. नाही मिळाली तर प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करत विज्ञानाची ॲनिमेशनं करणं हाही चांगला रस्ता आहे.

बाबांना सांग, जाहिराती, शैक्षणिक व्हिडिओ, वृत्तवाहिन्या, ॲप्स अशा सगळीकडे मोशन ग्राफिक्सचं, म्हणजे हलत्या चित्रा-अक्षरांचं, काम असतं. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हेही सांग. काम देणारा आधी शोरील, म्हणजे निवडक कामाच्या क्लिप, बघतो, म्हणून नीलवंताची जुनी आणि सुधारलेली क्लिप शेजारी-शेजारी ठेव, सोबत तुझी स्केचेसही.