बांधावरचं भांडण आणि तीस दिवस

प्रश्न : २०२१ साली बांधावरून चुलत दिरांशी भांडण झालं. माझ्या मिस्टरांनी त्यांना चापट मारली, शिव्या दिल्या, अशी केस झाली. मागच्या आठवड्यात तालुका कोर्टाने जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२३ (मारहाण) आणि ५०४ (अपमान) खाली एक महिना साधी कैद आणि हजार रुपये दंड सुनावला. सध्या ते जामिनावर आहेत. अपील केलं तर शिक्षा वाढेल, असं गावात सांगतात. काय करावं?

उत्तर : ताई, अपील कराच. आरोपीने केलेल्या अपिलात शिक्षा वाढवायला कायद्यानेच मनाई आहे, तेव्हा ती भीती मनातून काढून टाका.

अपील सत्र न्यायालयात, निकालापासून ३० दिवसांत. नकलेला लागलेले दिवस त्यातून वगळतात, तरीही थांबू नका. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. खालच्या कोर्टाने दिलेला जामीन अपील दाखल करण्यापुरताच असतो. शिक्षा स्थगित ठेवण्याचा अर्ज अपिलासोबतच द्यायचा.

मी अशा अपिलात आधी फिर्यादीची साक्ष उघडते. ३२३ ला अंगावर वळ असावाच लागतो असं नाही, वेदना पुरते, त्यामुळे ते कलम सहज सुटत नाही. ५०४ चं तसं नाही. ‘आरोपीने घाण घाण शिवीगाळ केली’ एवढं एकच वाक्य साक्षीत असेल, तर तिथे भांडायला जागा आहे. नुसती शिवी पुरत नाही. समोरच्याने चिडून शांतता मोडावी अशा हेतूने, किंवा तो तसं करील हे माहीत असताना केलेला अपमान सिद्ध व्हावा लागतो. मिस्टरांवर आधीची शिक्षा नसेल, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा (कैदेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर किंवा समज देऊन सोडण्याचा) लाभही पर्यायी म्हणून मागा. तो अपिलातही देता येतो.

पण ताई, दीर अजून दारावरून जातात ना? ही दोन्ही कलमं तडजोडीची आहेत. मार खाणारे आणि शिव्या ऐकणारे तेच, म्हणून तडजोड त्यांच्याच हातात. सत्र न्यायालयाची परवानगी मिळाली की तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा होतो. दंड भरून, कैद भोगून तो डाग जात नाही. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घ्या. जाताना भूमी अभिलेखकडे बांधाच्या मोजणीचा अर्ज तयार ठेवा आणि फी तुम्ही भरता म्हणून सांगा.