हॉटस्पॉट लॅपटॉपला दिसत नाही

प्रश्न : फोनचा हॉटस्पॉट भावाच्या मोबाइलवर दिसतो, माझ्या जुन्या लॅपटॉपवर नाही. घर मातीचं, वर टिनपत्रे. काय करावं?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे आणि फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर चालतोय. म्हणून नावच येत नाही. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड (वाय-फायची फ्रिक्वेन्सी) २.४ गिगाहर्ट्झ करा. नाव दिसूनही जोडलं जात नसेल, तर तिथेच सुरक्षेचा प्रकार नव्या डब्ल्यूपीए३ ऐवजी जुना डब्ल्यूपीए२ ठेवा.

टिनपत्रे टॉवरचा सिग्नल अडवतात. फोन खिडकीत ठेवा, लॅपटॉप आत चालेल, २.४ मातीच्या भिंतीतून ५ पेक्षा बरं जातं. आणि विंडोजमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ (मोजका डेटा असलेलं कनेक्शन) नक्की सुरू करा, नाहीतर दिवसाचा डेटा अपडेटमध्येच संपेल.