मित्राचं सुतक कुणी धरायचं? : वाचकांचे प्रश्न, मनोविकारतज्ज्ञाची उत्तरं

गेल्या काही महिन्यांतल्या पत्रांमध्ये एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो आहे. रोजच्या कटकटीने होणारी चिडचिड कुठली आणि माणूस गेल्याचं दुःख कुठलं, हे लोकांना उमगत नाही. त्यात गेलेला माणूस मित्र असेल, तर दुःख करायचा आपल्याला हक्क तरी आहे का, इथूनच शंका. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न (जालना, गृहिणी, वय ३८): आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तेही रात्री-अपरात्री. लाईटचा भरवसा नाही. मी दिवसभर पोरांवर ओरडते, मग रडत बसते. मला बीपी झालाय की डिप्रेशन?

उत्तर: बीपी आहे की नाही ते मोजूनच कळतं. मोजून घ्या. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासा. रक्त कमी असलेली, झोप न झालेली बाई चिडणारच, आणि आपल्याकडे तिला थेट "तापट" ठरवून मोकळे होतात. रात्री दोनला उठून पाणी भरणारं घरात तुमच्याशिवाय कुणी आहे का? नसेल तर ती पाळी आधी वाटून घ्या. ताई, सलग दोन आठवडे दिवसातला बराच वेळ मन उदास राहिलं, कशातच गोडी वाटेना, झोप-भूक बिघडली, तर मात्र वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे दाखवा.

प्रश्न (नांदेड): वारलेल्या मैत्रिणीचा नंबर मोबाईलमधून काढून टाकू का?

उत्तर: नको. घाई कसली?

प्रश्न (परभणी जिल्हा, शेतकरी, वय ४४): माझा मित्र तीन महिन्यांपूर्वी शेतातच छातीत कळ येऊन गेला. तालुक्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आमची वीस-पंचवीस वर्षांची सावड होती, एक बैल त्याचा, एक माझा. तेव्हापासून रात्र रात्र डोळा लागत नाही, शेतात पाय वळत नाही, मधूनच माझ्याही छातीत भरून येतं. घरचे म्हणतात, "तो काय तुझा सख्खा भाऊ होता का? त्याची बायको-पोरं कामाला लागली, तू किती दिवस धरून बसणार?" मी कमजोर आहे का?

उत्तर: आधी छातीचं बघू. उद्याच्या उद्या ईसीजी काढा, बीपी आणि साखर तपासा. मित्र हृदयविकाराने गेला म्हणून तुम्हालाही झटका येईल असं नाही, पण तुमची कळ नुसती मनाचीच आहे हेसुद्धा घरबसल्या ठरवता येत नाही. "मित्राच्या आठवणीनं होतंय" म्हणत चव्वेचाळिसाव्या वर्षी छातीचं दुखणं अंगावर काढू नका. कळ हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, दम लागला, तर त्याच क्षणी १०८ ला फोन करा. ॲसिडिटीची गोळी घेऊन पडून राहू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. नाही, तुम्ही कमजोर नाही. आपल्या रिवाजात सुतक भावकीला. वर्षानुवर्षं बोलणं टाकलेला चुलतभाऊ दहा दिवस घरी बसतो, लोक त्याला भेटायला येतात, त्याच्यापुढे बसून रडतात. ज्याच्या खांद्याला खांदा लावून माणूस जगला, तो मित्र मातीहून परत येतो, आंघोळ करतो आणि दुसऱ्या दिवशी मोटार चालू करायला जातो. त्याच्याकडे कुणी भेटायला येत नाही. समाजाची मान्यता न मिळालेलं दुःख हा विषय केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडला. माझ्या ओपीडीत तो रोज समोर बसलेला असतो, आणि बहुतेक वेळा पाठदुखी, अपचन किंवा दारू घेऊन आलेला असतो. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही की सहा महिन्यांपूर्वी जिवलग गेला. आणि आपण डॉक्टर मंडळी "घरात कुणी वारलं का?" एवढंच विचारतो. मित्र घरात मोडत नाही, म्हणून उत्तर "नाही" येतं.

वैद्यकशास्त्र या बाबतीत भावकीपेक्षा मोठ्या मनाचं आहे. लांबलेल्या, माणसाला जागच्या जागी थांबवून ठेवणाऱ्या दुःखाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात आहे, तशीच अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणातही आहे. पहिल्यात किमान ६ महिन्यांची अट आहे, दुसऱ्यात प्रौढांसाठी १२ महिन्यांची. दोन्हीकडे गेलेला माणूस जवळचा असावा एवढंच म्हटलं आहे, रक्ताचं नातं मागितलेलं नाही. तीन महिन्यांत तुमच्यावर तो शिक्का कुणी मारू नये. पण तीन महिने झोप नाही, हे आजच दाखवण्यासारखं आहे.

आणि तुमचा नुसता सोबती गेलेला नाही. सावड गेली, अडीनडीला जामीन राहणारा गेला, "या वर्षी सोयाबीन की कापूस?" हे ज्याला विचारायचं तो गेला. पेरणीला पाय वळत नाही ते त्यामुळेच. बैलजोडीचं काय करायचं हे त्याच्या घरच्यांसोबत बसून ठरवा. त्या निमित्ताने त्यांच्याशी बोलणं होईल. ते कामाला लागले म्हणजे सावरले, असं मुळीच नाही. त्याच्या पोरांना बापाच्या तरुणपणच्या गोष्टी तुमच्याइतक्या कुणाला ठाऊक असणार? पोळा येईल, येळवस (वेळा अमावास्या) येईल, आंबील-भज्जीला दरवर्षी शेतातल्या कोपीशी बसणारा माणूस दिसणार नाही. त्या दिवसांत त्रास वाढतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा, त्या दिवशी एकटं राहू नका. हे उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवा. त्यानंतरही "किती दिवस?" असं कुणी विचारलंच, तर त्यांना घेऊन डॉक्टरकडे या.

प्रश्न (लातूर, नीटची तयारी करणारी विद्यार्थिनी): माझी रूममेट अपघातात गेली. व्हिडिओत सांगतात की दुःखाच्या पाच पायऱ्या असतात. मला राग आलाच नाही, मी थेट रडले. माझं दुःख अडकलंय का?

उत्तर: नाही. त्या पाच अवस्था एलिझाबेथ कुबलर-रॉस या डॉक्टरांनी १९६९ मध्ये मांडल्या, आणि त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. मागे राहिलेल्या माणसाने त्या क्रमाने चढाव्यात, असा कुठलाही नियम नाही. ज्यांना दोन मिनिटांत व्हिडिओ संपवायचा असतो, ते हे सांगत नाहीत. बेटा, तीच खोली, तोच रिकामा पलंग सोसत नसेल तर खोली बदलून मागून घे. काही दिवस घरी जाऊन ये, टेस्ट सिरीज बुडाली तरी चालेल. अभ्यासात लक्ष लागत नाही हे क्लासच्या सरांना आणि आई-वडिलांना स्पष्ट सांग. अपघाताचं दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, दचकून जाग येत असेल, तर समुपदेशकापाशी न थांबता मनोविकारतज्ज्ञाला भेट.

प्रश्न (धाराशिव): मित्र गेल्यापासून झोपेची गोळी घेतो. मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही. कधीमधी दोन पेग होतात. चालेल ना?

उत्तर: चालणार नाही. अल्प्राझोलामसारखी गोळी चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे, आणि तुमचा ओळखीचा माणूस तुमच्यावर उपकार करत नाही. तिची सवय लागते, मग तेवढ्याच गोळीने झोप येईनाशी होते. दारूसोबत घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. हे वाचून आज रात्रीच एकदम बंद करू नका, काहींना त्याने फिट येते. डोस डॉक्टर हळूहळू कमी करतात. गोळ्यांची पट्टी खिशात घालून या आठवड्यात या. आणि नैराश्याची औषधं म्हणजेही हीच गोळी, असं समजू नका. ती वेगळी असतात, त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि तीही मनाने सुरू किंवा बंद करायची नसतात.

प्रश्न (बीड): "सात दिवसांत दुःखमुक्ती" असं शिबिर आहे. फी मोठी आहे, पण खात्री देतात. भरू का?

उत्तर: नका भरू. खात्री देणाऱ्याला त्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारा, पुढचं संभाषण आपोआप थांबेल.

प्रश्न (बीड जिल्हा, वडिलांच्या वतीने मुलगी): वडील ऊसतोडीला कोल्हापूरकडे होते. इकडे गावात त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त वारला. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली, मुकादमाने सोडलं नाही, मातीला जाता आलं नाही. आता परत आलेत तर त्या गल्लीतूनही जात नाहीत.

उत्तर: वडिलांना घेऊन तू स्वतः त्या घरी जा. उशीर झाला म्हणून लाज वाटते, आणि लाजेपायी अजून उशीर होतो. "येता आलं नाही" एवढं म्हटलं तरी पुरे, त्या घरालाही उचल म्हणजे काय ते माहीत असतं. तिथून आल्यावर वडिलांचं जेवण, झोप आणि दारू यांवर महिनाभर लक्ष ठेव. बिघडलेलं दिसलं तर घेऊन ये.

प्रश्न (हिंगोली जिल्हा, वय २९): माझ्या मित्राने आत्महत्या केली. त्याच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला होता, मी उचलला नाही. आता मलाही जगावंसं वाटत नाही.

उत्तर: हे वाचताय त्याच क्षणी घरातल्या एका माणसाला सांगा आणि १४४१६ ला फोन लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. आज रात्री एकटे झोपू नका. घरच्यांनी फवारणीची औषधं कुलपात ठेवावीत आणि किल्ली तुमच्याकडे देऊ नये. उद्या सकाळी जिल्हा रुग्णालय गाठा. पोलीस केस होईल या भीतीने काही लपवू नका. मनात आलेला विचार डॉक्टरला सांगणं हा कधीच गुन्हा नव्हता. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही.

फोनबद्दल. आत्महत्येमागे कर्ज, आजार, नैराश्य, दारू, घरातले ताण असं पुष्कळ काही अनेक दिवस साठत आलेलं असतं. एका न उचललेल्या फोनने माणूस मरत नाही. हे आज तुम्हाला पटणार नाही, ते मला माहीत आहे. आत्महत्येने जवळचा माणूस गमावलेल्यांना स्वतःलाही धोका जास्त असतो, म्हणून पटेपर्यंत उपचार थांबवायचे नाहीत. तुमच्या दोघांचे आणखी मित्र असतील, त्यांच्याही मनात असाच एखादा फोन असेल. त्यांनाही सोबत आणा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): सहा वर्षांच्या मुलाचा बालवाडीपासूनचा मित्र आजाराने गेला. "तो झोपलाय" असं सांगितलं. बरोबर केलं ना?

उत्तर: नाही. "तो मेला, आता परत येणार नाही, आणि हे तुझ्यामुळे झालं नाही," असं साध्या शब्दांत आजच सांगा. झोपलाय म्हटलं की काही मुलं झोपायलाच घाबरतात. तो तेच ते पुन्हा विचारेल, दर वेळी तेच उत्तर द्या. अंथरूण ओलं करू लागला किंवा शाळेत जायला नाही म्हणू लागला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.