टेकाडावरचं नेट

प्रश्न : भाऊ, आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळीचा भाव बघायचा तरी टेकाडावर चढून मोबाईल वर धरावा लागतो, आणि पेपरात वाचतो की सगळे देश मिळून जगाला नेट देणार, खरंय का?

उत्तर : खरंय, पण केबल टाकायला जिनिव्हाहून कोणी येत नाही हो! आयटीयू, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची जिनिव्हातली दूरसंचार संघटना, आणि युनेस्को यांनी २०१० मध्ये ब्रॉडबँड कमिशन काढलं, ते टार्गेट ठरवतं, म्हणजे साधा प्लॅन दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावा वगैरे. शाळांसाठी २०१९ पासून युनिसेफ-आयटीयूचं ‘गिगा’ नावाचं काम चालू आहे, ते आधी बिननेटच्या शाळा नकाशावर आणतं, मला तर हेच जास्त कामाचं वाटतं. तुमच्याकडची फायबर मात्र भारतनेटची, म्हणजे केंद्र सरकारच्या ग्रामपंचायतींना नेट देणाऱ्या योजनेची, तेव्हा ग्रामपंचायतीत त्या फायबरचा डबा आहे का, त्यातला दिवा लागतो का, आधी बघून या.