स्वस्तातला स्टेक

प्रश्न : टेंडरलॉइन, म्हणजे बीफचा सगळ्यांत मऊ तुकडा, परवडत नाही. बीफचा स्वस्त तुकडा आणला, तर चामड्यासारखा चिवट झाला. काय चुकलं?

उत्तर : बहुधा सुरीची दिशा. पुढच्या वेळी खाटकाकडे हँगर मागा. श्वासपटलाजवळचा हा तुकडा एका जनावरात एकच निघतो, त्यामुळे मांडलेला क्वचितच दिसतो, विचारावंच लागतं. खांद्यातला फ्लॅट आयर्न तर मऊपणात टेंडरलॉइनच्या खालोखाल, फक्त मधली चिवट पट्टी काढलेली हवी. मी मीठ लावून तासभर ठेवते, कोरडा पुसते, बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवते. आत ५५ अंश सेल्सिअस झाले की उतरवते. पाच मिनिटं हात लावू नका. मग मांसाचे धागे कुठे धावतात ते नीट बघा आणि त्यांना आडवे, पातळ काप करा.