पावती हातात, नोंद गायब

प्रश्न : ताई, आमची करवीर तालुक्यातली छोटी दूध संस्था आहे. सभासद ३४०. संकलनाचं वेब ॲप मीच पायथॉन आणि फ्लास्कमध्ये लिहिलंय, डेटाबेस एसक्यूलाइटचा, म्हणजे सगळा डेटा एकाच फाईलमध्ये. गायीच्या दुधाचा एक आणि म्हशीच्या दुधाचा एक असे दोन काउंटर आहेत, दोन्हीकडे ब्राउझरमध्ये ॲप उघडं असतं. सकाळच्या गर्दीत ‘डेटाबेस इज लॉक्ड’ असा एरर येतो. कधी पाच सेकंद थांबून येतो, तर कधी बटण दाबल्या दाबल्या. टाइमआउट, म्हणजे लॉक सुटायची वाट बघण्याची मुदत, ५ चा ३० सेकंद केला, तर काउंटरवर रांग लागायला लागली. लाईट जाऊन आली की फोल्डरमध्ये ‘-जर्नल’ शेपटीची एक फाईल दिसते. लॉक तिच्यामुळेच असेल म्हणून ती मी दोनदा उडवली. मागच्या दहा दिवसांच्या बिलात सात जणांच्या काही नोंदीच नाहीत, पावत्या मात्र त्यांच्या हातात आहेत. मित्र म्हणतो, एसक्यूलाइट हे खेळणं आहे, सर्व्हरवाला मायएसक्यूएल टाक. चेअरमन म्हणतात, वही काढ. नोंद करणाऱ्या फंक्शनची प्रत सोबत जोडली आहे. मी वयानं लहान आहे, अरे-तुरे केलंत तरी चालेल.
— एक वाचक, करवीर

उत्तर : आधी त्या सात जणांचं बघ, डेटाबेसचं नंतर. त्यांच्या पावत्या मागवून घे. तारीख, वेळ, कोड, लिटर, फॅट, दर, सगळं त्यावर छापलेलं आहे. पुढचं बिल निघायच्या आत त्या नोंदी हातानं घाल आणि फरक त्यांच्या खात्यावर जमा कर. दोन लिटरची किटली घेऊन उजाडायच्या आधी चालत येणाऱ्या बाईला तुझा सर्व्हर कळत नाही. तिला पावती कळते. पावती खोटी ठरली तर दिवाळीला फरकाची रक्कम कितीही चांगली दे, ती संस्थेवर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

आता दुसरं काम, तेही आजच. ‘-जर्नल’ फाईल यापुढे कधीही उडवायची नाही. ती लॉकची फाईल नाही. एसक्यूलाइट मूळ फाईलमध्ये बदल करण्याआधी त्या जागेचा जुना मजकूर या जर्नलमध्ये लिहून ठेवतो. बदल पूर्ण झाला की जर्नल आपोआप जाते. मधेच लाईट गेली तर ती मागे राहते, आणि पुढच्या वेळी डेटाबेस उघडताना तिच्यावरूनच अर्धवट बदल मागे घेतला जातो. म्हणजे लाईट गेल्यावर दिसणारी ती फाईल हेच तुझ्या डेटाबेसचं औषध होतं आणि तू ते दोनदा फेकून दिलंस. रागावून सांगत नाही. नाव बघून तसं वाटतं खरं. पण आज संध्याकाळचं संकलन झाल्यावर ॲप बंद कर, डेटाबेसची एक प्रत बाजूला काढ आणि त्या प्रतीवर ‘प्राग्मा इंटिग्रिटी_चेक’ ही फाईल धड आहे का ते तपासणारी आज्ञा चालव. ‘ओके’ आलं तर सुटलास. चुकांची यादी आली तर एसक्यूलाइटच्या कमांड लाइनवरच्या ‘.रिकव्हर’नं जेवढं निघेल तेवढं नव्या फाईलमध्ये काढ, आणि मग एकेका दिवसाची बेरीज पावत्यांशी आणि संघाकडे गेलेल्या दुधाच्या चलनाशी ताडून बघ.

आता लॉकचं. तुझं फंक्शन मी दोनदा वाचलं. त्यातला क्रम असा आहे : ‘बिगिन’ (व्यवहाराची सुरुवात), दरपत्रक वाचणं, नोंद घालणं, पावती छापणं, सभासदाला एसएमएस पाठवणं आणि सगळ्यात शेवटी ‘कमिट’ (व्यवहार पक्का करणं).

तुझी सगळी दुखणी या एका क्रमात आहेत.

एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. गायीच्या काउंटरनं नोंद घातली की लिहिण्याचा हक्क त्याच्याकडे जातो आणि कमिट होईपर्यंत तो त्याच्याकडेच राहतो. तेवढ्यात तू प्रिंटरला कागद ओढायला लावतोस, मग एसएमएसवाल्यांच्या सर्व्हरला हाक मारतोस आणि उत्तराची वाट बघत बसतोस. गावात सकाळी नेट मंद असलं की त्यात सात-आठ सेकंद सहज जातात. म्हशीचा काउंटर तोवर दाराशी उभा. पायथॉन डेटाबेससाठी पाच सेकंद वाट बघतो, तो आकडा तू न सांगताही ठरलेला आहे. पाच सेकंद संपले की ‘लॉक्ड’. तू पाचाचे तीस केलेस म्हणून एररच्या जागी रांग आली.

नोंदी गायब होण्याचं कारणही इथेच आहे. पावती छापली जाते कमिटच्या आधी. एसएमएस अडकला, फंक्शन मधेच पडलं, किंवा कमिटच्या वेळी लॉक आडवा आला, तर नोंद मागे फिरते. कागद मागे फिरत नाही.

तेव्हा क्रम बदल. आधी नोंद आणि लगेच कमिट. कमिट झालं हे कळल्यावर पावती. एसएमएस या फंक्शनमधून पूर्ण काढून टाक. नोंदीबरोबरच ‘पाठवायचे संदेश’ अशा वेगळ्या टेबलात एक ओळ घाल. दुसरा एक छोटा प्रोग्राम ती ओळ वाचेल, संदेश पाठवेल आणि मग ‘गेला’ अशी खूण करेल. तोही पाठवताना व्यवहार उघडा ठेवणार नाही, एवढं बघ. एसएमएस दोन मिनिटं उशिरा गेला तर कुणाचं काही बिघडत नाही.

बटण दाबल्या दाबल्या येणारा एरर वेगळा आहे. तो टाइमआउट वाढवून जाणार नाही, म्हणूनच तो तुला अजून दिसत असणार. नुसत्या ‘बिगिन’नं लिहिण्याचा हक्क मिळत नाही. तू दरपत्रक वाचतोस तेव्हा वाचणारा म्हणून आत शिरतोस आणि नोंद घालताना लिहिणारा व्हायला बघतोस. त्याच क्षणी दुसऱ्या काउंटरनं लिहिण्याचा हक्क घेतलेला असतो आणि तू वाचन सोडण्याची तो वाट बघत असतो. दोघंही एकमेकांसाठी थांबले तर जन्मभर थांबतील, म्हणून एसक्यूलाइट वाट न बघता एकाला तिथल्या तिथे परत पाठवतो. उपाय दोन शब्दांचा : ‘बिगिन’च्या जागी ‘बिगिन इमिजिएट’ लिही. लिहिण्याचा हक्क सुरुवातीलाच मागितला जातो आणि नसेल तर टाइमआउटपुरती रीतसर वाट बघितली जाते. दरपत्रक बिगिनच्या आधी वाचलंस तर आणखी बरं, ते काही मिनिटामिनिटाला बदलत नाही.

एरर आल्यावर काउंटरवरचा मुलगा बटण पुन्हा दाबणारच. मग एकच दूध दोनदा नोंदवलं जायला नको. त्यासाठी युनिक इंडेक्स (तेच मूल्य दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) लाव, पण तारीख, वेळ आणि कोड यांवर लावू नकोस. एकच सभासद एका वेळी दोन किटल्या घालतो. फॉर्म उघडतानाच पावती क्रमांक तयार कर आणि इंडेक्स त्यावर लाव.

एवढं करून आठवडाभर बघ. प्रत्येक व्यवहाराची बिगिनची आणि कमिटची वेळ एका लॉग फाईलमध्ये लिही. सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त वेळ घेणारा जो कोणी असेल तो शोध. मला शंका आहे की सचिवांच्या संगणकावर डीबी ब्राउझर हा डेटाबेसची फाईल थेट उघडून बदलणारा प्रोग्रामही उघडा असेल. त्यात एखाद्याचं फॅट दुरुस्त केलं आणि ‘राइट चेंजेस’ न दाबता माणूस चहाला गेला, तर तो येईपर्यंत दोन्ही काउंटर बंद. मी हे एकदा नाही, चार ठिकाणी बघितलंय. दुरुस्तीसाठी ॲपमध्येच एक पान कर.

मग ‘वॉल’ मोडचा विचार कर. हा २०१० पासून एसक्यूलाइटमध्ये आहे. यात बदल आधी ‘-वॉल’ नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये जातात, त्यामुळे वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवत नाहीत. चेअरमन महिन्याचा रिपोर्ट काढत बसले तरी काउंटर चालू राहतो. लिहिणारा मात्र एका वेळी एकच, ते बदलत नाही. हा मोड एकदा लावला की फाईलला कायम चिकटतो. टाइमआउट मात्र प्रत्येक कनेक्शन उघडताना द्यावा लागतो. वेगासाठी ‘सिंक्रोनस’ची, म्हणजे नोंद डिस्कवर किती पक्की लिहायची याची, पातळी ‘नॉर्मल’ करायचा सल्ला तुला जागोजागी मिळेल. तुझ्या गावात लाईट जाते, तेव्हा तू ‘फुल’वरून हलू नकोस. नॉर्मलवर लाईट गेली तर फाईल बिघडत नाही, पण कमिट झालेल्या शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. आपण पावतीसाठीच तर भांडतोय.

आणि ही फाईल नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये कधीही ठेवू नकोस. वॉल मोडला सगळे प्रोग्राम एकाच यंत्रावर लागतात, आणि जुन्या पद्धतीतही शेअर फोल्डरच्या लॉकवर भरवसा ठेवता येत नाही. ज्याला आकडे बघायचे असतील त्यानं ब्राउझरमधून बघावे.

वॉलबद्दल एक गोष्ट मी स्वतः मोजलेली आहे. शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याचं हिशेबाचं ॲप मी चालवत होते. रोज रात्री मुख्य फाईलची प्रत काढून घरी आणायची, असा माझा नेम होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं आणि संगणक गेला. घरची प्रत उघडली, तपासणीही ‘ओके’ आली, पण शेवटच्या तीन दिवसांचा एकही सौदा त्यात नव्हता. ते सगळे ‘-वॉल’ फाईलमध्ये होते. ती साधारण हजार पानांची, म्हणजे चारेक एमबीची झाली की मजकूर मुख्य फाईलमध्ये उतरतो, आणि छोट्या दुकानाला तेवढं भरायला दिवस लागतात. मी फक्त मुख्य फाईल उचलत होते. पुढचे दोन आठवडे ओल्या चोपड्या वाळवून आम्ही ते सौदे पुन्हा बसवले. म्हणून सांगते, चालू डेटाबेसची फाईल नुसती कॉपी करू नकोस. ‘.बॅकअप’ किंवा ‘व्हॅक्यूम इन्टू’ वापर, त्यांनी चालू कामातही पूर्ण प्रत मिळते. ती प्रत संस्थेच्या इमारतीबाहेर ने, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून कालच्या संकलनाची बेरीज बघ.

मित्राचं म्हणणं राहिलं. ३४० सभासद दीड तासात दूध घालतात, म्हणजे मिनिटाला चार नोंदी. एक नोंद जुन्या हार्ड डिस्कवरसुद्धा सेकंदाच्या दहाव्या भागात बसते. एसक्यूलाइटला हे काम भारी नाही. मायएसक्यूएल आणून हाच क्रम ठेवलास तर पावती छापून नोंद हरवण्याचा प्रकार तिथेही तसाच घडेल. रिचर्ड हिप यांनी २००० साली एसक्यूलाइट लिहायला घेतला तो अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवरच्या कामातून. तिथे डेटाबेस सर्व्हर बंद असला की वरचा प्रोग्रामही अडायचा, म्हणून सर्व्हरच नको असा डेटाबेस त्यांनी केला. पहाटे साडेपाचला सर्व्हर उठवायला माणूस नसलेल्या तुझ्या संस्थेला तोच हवा. उद्या दहा गावांच्या संस्था एकाच ठिकाणी लिहायला लागल्या तर मला पुन्हा पत्र टाक. तेव्हा मीच पोस्टग्रेस हा सर्व्हरवाला डेटाबेस सांगेन.

चेअरमनांना सांग, क्रम बदलून महिना होईपर्यंत वही चालू ठेवू. रोज रात्री वहीची आणि ॲपची बेरीज जुळव.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या सभासद यादीत ‘काळे’ हे नाव ‘कावळे’च्या आधी येतं. आणि ‘गोऱ्हे’ शोधलं की चारपैकी दोनच सापडतात. डेटाबेस एसक्यूलाइटचाच आहे. तो बिघडलाय का?
— एक ग्रंथपाल, गडहिंग्लज

उत्तर : बिघडलेला नाही. एसक्यूलाइट अक्षरांना त्यांच्या युनिकोड क्रमांकानं (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या ठरावीक क्रमांकानं) लावतो, आणि तिथे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. वेगळा कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) लिहिता येतो, पण तो प्रत्येक कनेक्शनवर नोंदवावा लागतो, आणि विसरलं की क्वेरी अडते. मी सोपी वाट धरते : क्रमासाठी एक वेगळा कॉलम ठेवायचा आणि त्यात प्रत्येक ‘ळ’च्या जागी ‘ह’ व त्यापुढे देवनागरीच्या पलीकडचं एक अक्षर भरायचं. यादी त्या कॉलमवर लावायची, दाखवायचं मात्र मूळ नाव.

‘गोऱ्हे’ दोन प्रकारे टाइप होतं. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखी, डेटाबेसला वेगळी. नाव साठवतानाच दुसऱ्या प्रकाराचं पहिल्यात रूपांतर करा, शोधशब्दालाही तेच लावा, आणि जुन्या नोंदींवर एकदा ‘अपडेट’ चालवा. त्याआधी वर सांगितल्याप्रमाणे प्रत काढा.